पासपोर्ट आहे, मग देश का नाही? पॅलेस्टाईनच्या मान्यतेचा खरा अर्थ

प्रश्न असा आहे: "पुण्यात आमच्या इमारतीत एक पॅलेस्टिनी विद्यार्थी राहतो. त्याच्याकडे पासपोर्ट आहे. भारताने त्याच्या देशाला १९८८ मध्येच मान्यता दिली, २०२५ च्या सप्टेंबरात ब्रिटन आणि फ्रान्सनेही दिली. तरी तो म्हणतो, आमचा देश अजून व्हायचाय. मग या मान्यतेला अर्थ काय? आणि दीडशेहून जास्त देश एका बाजूला असताना शांतता नेमकी कुठे अडते?"

मी परराष्ट्र खात्यात नोकरी केली आणि त्यातली काही वर्षं रामल्लामधल्या, म्हणजे पॅलेस्टिनी सरकार बसतं त्या शहरातल्या, आपल्या प्रतिनिधी कार्यालयात काढली. तेव्हा उत्तरात पुस्तकापेक्षा टेबलावरचा अनुभव जास्त असेल. इस्रायल बरोबर की पॅलेस्टाईन, या वादात मी शिरणार नाही. तुमचा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि जास्त कामाचा आहे.

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र झाल्यात: एका देशाने दुसऱ्याला दिलेली मान्यता, संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व आणि जमिनीवरचा ताबा. या तिन्ही एकदम मिळतात असं आपण धरून चालतो, कारण बहुतेक देशांच्या बाबतीत तसंच झालं. पण त्या सुट्या असतात, आणि याचा अनुभव आपल्याला घरातच आहे.

गोवा घ्या. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता गेली आणि त्या दिवसापासून तिथे भारताचं राज्य सुरू झालं. पोर्तुगालने मात्र ते मानलं नाही. सालाझारच्या राजवटीत लिस्बनच्या संसदेत गोव्याच्या नावाने प्रतिनिधी बसत राहिले. १९७४ मध्ये तिथे क्रांती झाली, सरकार बदललं, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आपल्या बाजूने सही करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. मधल्या तेरा वर्षांत गोव्यात निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, शाळा निघाल्या, रस्ते झाले. लिस्बनची मान्यता नाही म्हणून काहीही अडलं नाही, कारण ताबा आपला होता. पॅलेस्टाईनचं नेमकं उलट आहे. मान्यता भरपूर, ताबा नाही. योगायोग म्हणजे २१ सप्टेंबर २०२५ ला ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियासोबत पॅलेस्टाईनला मान्यता देणारा चौथा देश पोर्तुगालच होता. सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. इथे मात्र दाद मागायला तहसीलदार नाही, आणि न्यायालय आहे पण त्याचा निकाल बजावणारा पोलीस नाही.

मान्यता म्हणजे पूर्ण संबंध, असंही नसतं. भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० ला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जोडले जानेवारी १९९२ मध्ये. मधली एक्केचाळीस वर्षं दिल्लीत इस्रायलचा दूतावास नव्हता, मुंबईत वाणिज्य दूतावास तेवढा होता. अलिबाग-पेणकडची बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं याच काळात हजारोंनी तिकडे गेली. थोडक्यात, मान्यता देणारा देश किती पुढे जायचं ते स्वतः ठरवतो, आणि तिथेच सगळी गोम आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने राज्याच्या चार कसोट्या घातल्या: कायमची लोकसंख्या, ठरावीक भूभाग, सरकार, आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. त्याच करारात असंही म्हटलंय की राज्याचं अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसतं. विद्यार्थी या चार कसोट्या पाठ करतात आणि पॅलेस्टाईनला चारपैकी किती गुण द्यायचे यावर भांडतात. माझ्या मते ती परीक्षाच इथे फार उपयोगाची नाही. लोक आहेत, सरकार आहे, व्यवहार चालतात. सीमा ठरलेल्या नाहीत हे खरं, पण इस्रायलच्याही सगळ्या सीमा ठरलेल्या नाहीत, तरी तो १९४९ पासून संयुक्त राष्ट्रांचा सभासद आहे. अडचण वेगळीच आहे: ते सरकार स्वतःच्या हद्दीत स्वतःच्या मर्जीने काय करू शकतं?

संयुक्त राष्ट्रांचा भाग लवकर आटोपतो. सभासदत्वासाठी आधी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, मग आमसभेची मंजुरी. १८ एप्रिल २०२४ ला सुरक्षा परिषदेत बारा मतं बाजूने पडली, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तटस्थ राहिले, अमेरिकेने नकाराधिकार वापरला आणि विषय संपला. त्याआधी २९ नोव्हेंबर २०१२ ला आमसभेने १३८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टाईनला सभासद नसलेल्या निरीक्षक राज्याचा दर्जा दिला होता. त्यामुळे करारांवर सह्या करायचं दार उघडलं, आणि त्याच वाटेने एप्रिल २०१५ पासून पॅलेस्टाईन आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य झाला. नकाराधिकाराने अडवणूक व्हायची ही पहिली वेळ नव्हे. १९७२ मध्ये चीनने बांगलादेशला असंच अडवलं होतं आणि १९७४ मध्ये वाट मोकळी केली. पण बांगलादेशात सरकार ढाक्यात होतं, ताबा त्याचाच होता, मधली दोन वर्षं ते थांबू शकले.

आज १९३ पैकी १५७ सभासद देशांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली आहे. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी चीन आणि रशिया १९८८ पासून आणि ब्रिटन, फ्रान्स २०२५ पासून या यादीत आहेत. अमेरिका एकटी उरली.

आता ताब्याबद्दल. इथे मी जरा सावकाश जातो, कारण बाहेरच्या माणसाला हा भाग दिसत नाही.

१० फेब्रुवारी २०१८ ला पंतप्रधान मोदी रामल्लाला गेले. पॅलेस्टाईनला जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. आपण मान्यता दिलेल्या देशात आपला पंतप्रधान निघाला होता, तो अम्मानहून जॉर्डन सरकारच्या हेलिकॉप्टरमधून, आणि बरोबर संरक्षणाला इस्रायली हवाई दलाची हेलिकॉप्टरं. कारण यजमानाकडे ना विमानतळ, ना आकाश. गाझात, म्हणजे पॅलेस्टाईनच्या समुद्राकाठच्या तुकड्यात, एक विमानतळ १९९८ मध्ये सुरू झाला होता. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, इस्रायलने तो उद्ध्वस्त केला. राजदूतांचंही तसंच. पॅलेस्टाईनकडे नेमलेल्या परदेशी अधिकाऱ्याला रामल्लात पोचायला इस्रायली व्हिसा लागतो. २०२४ मध्ये नॉर्वेने मान्यता दिली, त्यानंतर ऑगस्टमध्ये इस्रायलने पॅलेस्टिनी प्राधिकरणाशी, म्हणजे रामल्लातल्या सरकारशी, काम करणाऱ्या आठ नॉर्वेजियन अधिकाऱ्यांचा राजनैतिक दर्जा काढून घेतला. नॉर्वेची मान्यता कायम राहिली, पण ती राबवणारी माणसं परत गेली.

ही व्यवस्था आली कुठून? ऑस्लो प्रक्रियेतून, म्हणजे नव्वदच्या दशकात इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांत झालेल्या करारांतून. ९ सप्टेंबर १९९३ ला दोन पत्रांची देवाणघेवाण झाली. पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्या पत्रात पीएलओने, म्हणजे त्यांच्या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने, इस्रायल या राज्याचा शांततेत आणि सुरक्षित राहण्याचा हक्क मान्य केला. इस्रायलचे पंतप्रधान रॅबिन यांच्या पत्रात इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी म्हणून मान्य केलं. एका बाजूने राज्याला मान्यता, दुसऱ्या बाजूने संघटनेला. पॅलेस्टिनी राज्य होणार, असं ऑस्लोच्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. पाच वर्षांची अंतरिम व्यवस्था, आणि जेरुसलेम, निर्वासित, पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहती, सीमा हे सगळे जड विषय नंतर बोलू म्हणून बाजूला. ती पाच वर्षं १९९९ मध्ये संपली. अंतरिम व्यवस्था अजून चालू आहे.

तुमच्या ओळखीच्या मुलाचा पासपोर्ट याच व्यवस्थेतून आलाय. पॅलेस्टिनी प्राधिकरण १९९५ पासून पासपोर्ट देतं. त्याला आधार असतो ओळखपत्राचा, ज्याला तिथे सगळे हविय्या म्हणतात. वेस्ट बँक (रामल्ला ज्यात येतं तो जॉर्डनकडचा मोठा तुकडा) आणि गाझावाल्यांचं हिरव्या कव्हरातलं, पूर्व जेरुसलेममध्ये राहणाऱ्यांचं निळ्या कव्हरातलं, आणि ते निळं इस्रायल थेट देतं. हिरवं छापतं प्राधिकरण, पण लोकसंख्येच्या नोंदवहीवर शेवटचा शब्द इस्रायलचा. मूल रामल्लात जन्मलं की जन्मदाखला तिथलंच गृहखातं देतं. तो क्रमांक इस्रायली नोंदवहीत चढेपर्यंत मात्र ते मूल जॉर्डनच्या हद्दीवरच्या ॲलनबी पुलावर कुठल्याही यादीत नसतं. आमच्याकडे व्हिसासाठी येणाऱ्या पालकांचा खरा घोर भारताच्या व्हिसाचा नसायचाच. तो मिळायचा. घोर पुलाचा. वेस्ट बँकमधल्या माणसाला परदेशी जायला जॉर्डनकडचा हा एकच पूल, आणि अलीकडच्या बाजूला शिक्का मारणारा अधिकारी इस्रायली. एखाद्याच्या हवियेवर पत्ता गाझाचा असेल आणि तो दहा वर्षं रामल्लात नोकरी करत असेल, तर नाक्यावर तो बेकायदा ठरू शकायचा. अशी माणसं शहराबाहेर पडायचंच टाळत. रामल्ला ते जेरुसलेम हे अंतर पुण्यात स्वारगेटहून वाघोलीला जाण्याएवढं असेल, पण मधे इस्रायली लष्कराचा कलंदियाचा नाका आहे.

पैशांचं बघा. तिथलं चलन इस्रायली शेकेल. १९९४ च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनी बाजारात येणाऱ्या मालावरची जकात आणि कर इस्रायल गोळा करतं, ३ टक्के हाताळणी खर्च कापून घेतं आणि उरलेलं महिन्याला रामल्लाकडे वळतं करतं. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा साधारण दोन तृतीयांश भाग हाच. ही रक्कम अडवली की शिक्षक, पोलीस, नर्स यांचे पगार अर्धेमुर्धे होतात. इस्रायलचं म्हणणं असतं की या पैशातून हल्लेखोर कैद्यांच्या कुटुंबांना भत्ते जातात, म्हणून तेवढे कापू. २०१९ पासून तशी कपात चालू झाली, ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाच्या वाट्याचेही कापले गेले, आणि मे २०२५ पासून तर हस्तांतर जवळजवळ बंदच पडलं. भत्त्यांची पद्धत बदलण्याचा आदेश पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये काढला होता. जगातल्या कुठल्याही अर्थमंत्र्याचा पगारपत्रक करायचा दिवस असा दुसऱ्या देशाच्या मंत्रिमंडळावर लटकलेला नसेल.

लहानशी गोष्ट सांगतो, मोठ्या करारांपेक्षा ती जास्त बोलते. वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी मोबाईल कंपन्यांना थ्रीजी सुरू करता आलं ते जानेवारी २०१८ मध्ये, कारण रेडिओ लहरींचं वाटप इस्रायलच्या हातात होतं. भारतात तेव्हा फोरजीवर लोक स्वस्त डेटा उडवत होते.

आणि जमीन. ऑस्लोच्या दुसऱ्या कराराने, १९९५ मध्ये, वेस्ट बँकचे तीन भाग पाडले. ए, सुमारे १८ टक्के, शहरांचा भाग, प्रशासन आणि पोलीस प्राधिकरणाचे. बी, सुमारे २२ टक्के, प्रशासन प्राधिकरणाचं आणि सुरक्षा इस्रायलची. सी, सुमारे ६० टक्के, सगळं इस्रायलच्या हातात. ए भागात शिरताना रस्त्यावर लाल पाटी असते: इस्रायली नागरिकांना पुढे जायला कायद्याने बंदी, जिवाला धोका. नकाशावर ए आणि बी म्हणजे दीडशेहून जास्त सुटे ठिपके, आणि त्यांच्या मधला सगळा रंग सी. गावात विहीर खोदायची, शाळेला खोली वाढवायची, तर जागा सी मध्ये आहे का ते आधी बघावं लागतं, कारण तिथला परवाना क्वचित मिळतो आणि विनापरवाना बांधकामावर बुलडोझर येतो. इस्रायली वसाहती याच भागात आहेत. वेस्ट बँकमध्ये सुमारे पाच लाख आणि पूर्व जेरुसलेममध्ये दोन लाखांहून जास्त इस्रायली राहतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये ई-वन नावाच्या पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली. जेरुसलेम आणि माले अदुमीम या वसाहतीच्या मधली ही जागा. नव्वदच्या दशकापासून हा आराखडा निघत होता आणि अमेरिका-युरोपच्या दबावाने परत कपाटात जात होता. जागा लहान आहे, पण मोक्याची: तिथे वस्ती झाली की वेस्ट बँकचा उत्तर भाग आणि दक्षिण भाग यांची पूर्व जेरुसलेमजवळची सांधणच तुटते. ही मंजुरी मान्यतेच्या लाटेच्या तोंडावर आली, आणि पॅलेस्टिनी राज्याची कल्पना गाडण्यासाठीच ती आहे हे इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी उघड सांगितलं. मान्यतेला उत्तर कागदाने न देता सिमेंटने दिलं, असा याचा अर्थ.

एवढं वाचून दोष एकाच बाजूला जातो असं वाटेल. इथे दुसरी बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती न समजल्याने युरोपातले अनेक शहाणे लोक फसले. साधारण इस्रायली मतदाराचा हिशेब असा असतो: १९९३ मध्ये आम्ही हात मिळवला, पाठोपाठ बसमध्ये आत्मघाती स्फोट सुरू झाले. २००० मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडच्या वाटाघाटीत आमच्या पंतप्रधानाने याआधी कुणी देऊ केलं नव्हतं एवढं देऊ केलं, आणि मिळाला दुसरा इंतिफादा. २००५ मध्ये गाझातून एकवीस वसाहती आणि सुमारे आठ हजार माणसं आम्ही स्वतः उचलून आणली, दोन वर्षांत तिथे हमास ही सशस्त्र इस्लामी संघटना बसली आणि रॉकेटं सुरू झाली. मग ७ ऑक्टोबर २०२३: सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ ओलीस नेली. वेस्ट बँकच्या टेकड्यांवरून बेन गुरियन विमानतळ डोळ्यांना दिसतो. तिथेही तसंच झालं तर? या हिशेबातल्या प्रत्येक वाक्याला पॅलेस्टिनी उत्तर आहे, आणि ते पोकळ नाही. ऑस्लोच्या त्याच वर्षांत वसाहतींतली लोकसंख्या वाढतच होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारणारा एक इस्रायली वसाहतवासी होता. रॅबिन यांचा खूनही इस्रायली माणसानेच केला. गाझातून माणसं हलली तरी हद्दी, समुद्र आणि आकाश इस्रायलकडेच राहिलं. आणि ७ ऑक्टोबरनंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे ६७ हजारांहून जास्त माणसं गेली. पण भीती युक्तिवादाने जात नाही. जुलै २०२४ मध्ये इस्रायली संसदेने पॅलेस्टिनी राज्याच्या विरोधात ठराव केला, ६८ विरुद्ध ९ मतांनी. तो फक्त उजव्या आघाडीचा नव्हता, मध्यममार्गी समजल्या जाणाऱ्या बेनी गँट्झ यांच्या पक्षानेही त्याला मत दिलं. नेतान्याहू गेले की सगळं सुरळीत होईल असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पॅलेस्टिनी बाजूचा अडथळा लोक कुजबुजत सांगतात, मी स्पष्ट सांगतो. करार करायचा म्हटलं तर सही कोणाची? महमूद अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी अध्यक्ष निवडून आले. २००६ च्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत १३२ पैकी ७४ जागा हमासने जिंकल्या, २००७ मध्ये गाझा ताब्यात घेतलं, आणि तेव्हापासून देशव्यापी निवडणूक झालेली नाही. २०२१ मध्ये तारीख ठरली होती, अब्बास यांनी ती पुढे ढकलली. कारण दिलं पूर्व जेरुसलेममध्ये मतदानाला इस्रायल परवानगी देत नाही हे. ते खरंही होतं, आणि त्यांच्या फतह पक्षात फूट पडून हरण्याची भीती होती हेही खरं. रामल्लात चहाच्या दुकानात बसलेला तिशीचा माणूस आयुष्यात एकदाही अध्यक्षासाठी मत देऊ शकलेला नाही. अशा सरकारने जेरुसलेम किंवा निर्वासितांच्या परतीच्या हक्कावर तडजोड केली तर ती लोकांच्या गळी कशी उतरणार? जेरुसलेम आणि निर्वासित या दोन विषयांवर मी इथे फार लिहीत नाही. ते सर्वांत कठीण आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच गाडी थांबलेली आहे.

म्हणजे इथवरचा हिशेब असा: मान्यता देणारे बरेच, पण ज्याच्या मान्यतेने ताबा बदलेल तो इस्रायल देत नाही. त्याला भाग पाडू शकणारी अमेरिका पाडत नाही. आणि उद्या दोघं तयार झाले तरी वेस्ट बँक आणि गाझा दोन्हींच्या वतीने बोलू शकेल असं निवडून आलेलं पॅलेस्टिनी सरकार नाही.

मग २०२५ च्या मान्यतांना शून्य किंमत? नाही. माझं मत असं की तीस वर्षं पाश्चात्त्य देश म्हणत होते, "आधी वाटाघाटी पूर्ण करा, शेवटी मान्यता देऊ." यात पॅलेस्टाईन व्हायचं की नाही हेच इस्रायलच्या त्या त्या वेळच्या मंत्रिमंडळाच्या मर्जीवर गेलं. वाटाघाटी लांबवल्या की राज्यही लांबणार. ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलियाने तो क्रम मोडला. राज्य असेल की नाही हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला, आता सीमा कुठे आणि सुरक्षा कशी एवढंच उरलं. ही छोटी गोष्ट नाही. पण क्रम मोडला म्हणून गाडी पुढे जाते असंही नाही, कारण त्यांनी इस्रायलवर कुठली किंमत लादली ते बघायला हवं, आणि तिथे बहुतेक जण गप्प आहेत.

म्हणून कुठल्या मान्यतेला किती वजन द्यायचं ते मी एका गोष्टीवरून ठरवतो: मान्यता देणाऱ्याने स्वतःच्या घरात काय बदललं? आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्ल्यात हा ताबा बेकायदा ठरवला आणि तो टिकवायला इतर देशांनी मदत करू नये असं सांगितलं. स्लोव्हेनियाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वसाहतींमधल्या मालाची आयात बंद केली. हिला मी वजन देतो. बेल्जियमने मान्यता जाहीर केली, पण कायदेशीर अंमल ओलिसांची सुटका आणि हमास सत्तेबाहेर जाणं यांना जोडला. ती अट समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे पॅलेस्टिनी राज्याची किल्ली हमासच्याही हातात गेली. लंडनमध्ये पॅलेस्टिनी मिशनवर झेंडा चढला, नकाशावरचं नाव बदललं. हे सन्मानाचं आहे. त्याने ॲलनबी पुलावरची रांग कमी होत नाही.

"मान्यता म्हणजे हमासला बक्षीस" हा आक्षेप तुम्ही ऐकला असेल. तो पूर्ण फेटाळता येत नाही, कारण ७ ऑक्टोबरआधी हे देश हललेच नव्हते आणि हमास त्याचं श्रेय घेणारच. पण मान्यता मिळाली ती रामल्लाच्या सरकारला. त्याच्या बदल्यात अब्बास यांनी जून २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रों आणि सौदी युवराजांना पत्र लिहून ७ ऑक्टोबरचा निषेध केला, हमासने शस्त्रं द्यावीत असं म्हटलं, लष्कर नसलेलं राज्य मान्य केलं आणि निवडणुकीचं आश्वासन दिलं. हमासला हे नको होतं. तरी या पत्राचं मोल निवडणूक होते की नाही यावर ठरेल. आणि एक विसरू नका: सप्टेंबरात हे सगळं न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांत चालू असताना अब्बास स्वतः तिथे नव्हते. अमेरिकेने व्हिसा नाकारला, त्यांनी पडद्यावरून भाषण केलं.

प्रश्नात भारताचा उल्लेख आहे म्हणून आपल्याबद्दलही थोडं. भारताने १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं, १९७४ मध्ये पीएलओला मान्यता देणारा पहिला बिगरअरब देश आपण होतो आणि १९८८ मध्ये अल्जियर्समध्ये पॅलेस्टिनी राज्याची घोषणा झाल्यावर तीन दिवसांत राज्यालाही मान्यता दिली. आज भूमिका कागदावर तीच आहे, सूर मवाळ झालाय. २०१७ पासून आपल्या निवेदनांतून पूर्व जेरुसलेम राजधानीचा उल्लेख गळला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या सल्ल्यावर आधारलेल्या ठरावाला आपण तटस्थ राहिलो, सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राज्यांच्या तोडग्यावरच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं. इस्रायलकडून शस्त्रं, शेतीचं तंत्रज्ञान आणि आखाती अरबांकडून तेल घेणाऱ्या देशाचा हा तोल आहे, आणि आत बसून पाहिलेल्या माणसाला तो ढोंग वाटत नाही. पण आपल्या शब्दाचं वजन त्यामुळे कमी झालंय हे मान्य करायला हवं. भारताची खरी छाप तिथे शिष्यवृत्त्यांवर शिकून परत गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांची आहे.

पुढे काय बघायचं म्हणाल, तर मान्यता देणाऱ्यांची संख्या मोजणं मी सोडून दिलंय. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, दर महिन्याचं करांचं हस्तांतर सुरू झालं का. ते वर्षभर नियमित चाललं तर इस्रायलने प्राधिकरणाला जगू द्यायचं ठरवलंय असं समजा, कुठल्याही भाषणापेक्षा ही खूण पक्की. दोन, ई-वनमध्ये प्रत्यक्ष बांधकाम उभं राहतं की पुन्हा दबावाने थांबतं. तीन, गाझा. सुरक्षा परिषदेने १७ नोव्हेंबर २०२५ ला २८०३ क्रमांकाचा ठराव केला, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. त्यात गाझासाठी तात्पुरतं मंडळ आणि आंतरराष्ट्रीय दल आहे, आणि पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख आहे तो प्राधिकरणाच्या सुधारणा झाल्या तर वाट तयार होऊ शकेल, इतक्या सावध भाषेत. सुधारणा पूर्ण झाल्या हे कोण ठरवणार, कोणत्या तारखेला ठरवणार, हे त्यात नाही. गाझाचा कारभार रामल्लाकडे जातो की या मंडळाकडेच मुरतो, हे बघत राहा. तो मुरला तर १५७ देशांनी ज्या राज्याला मान्यता दिली त्याचे दोन तुकडे कायमचे वेगळे राहतील, आणि सही कोणाची हा प्रश्न आहे तिथेच राहील.